चार बोटं उघडं दार

हे लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. कुनिहिकोच्या घरातली गोष्ट त्याच्या घरातच राहू दे म्हटलं. पण डोक्यातून जाईना.

"खरं सांग, घरात जेवणारे किती?" सामेशिमानं विचारलं.

समोर टेबलावर गोमा पडली होती. तेरा वर्षांची मांजर. मानेवरचे केस गेलेले, खाजवून खाजवून कातडी लालभडक, कानामागे रक्त. एप्रिलपासून हेच.

"दोघं. मी आणि फुसाए," कुनिहिको म्हणाला. फुसाए म्हणजे त्याची बायको.

"मग दोघांपैकी एक जण चोर आहे लेका."

सामेशिमा जनावरांचा डॉक्टर आणि शाळेपासूनचा दोस्त. त्याचं म्हणणं, गोमाला मासा बाधतोय. म्हणून गेले आठ आठवडे फक्त हरणाच्या मांसाचा डबा, दुसरं काही तोंडात जाता कामा नये. आणि हे कुठं, तर माकुराझाकीत! इथं गावभर मासा धुरावर वाळतो. दोरीवरच्या कपड्यांनासुद्धा त्याचा वास. कुनिहिको स्वतः तसल्याच कारखान्यात. आठ आठवडे तो दारातच कामाचे कपडे उतरवून नुसत्या चड्डीवर घरात शिरत होता. शेजारची म्हातारी बरोबर त्याच वेळी झाडांना पाणी घालायला यायची.

"सुया देऊन देऊन हिचं लिव्हर चाललंय," सामेशिमा म्हणाला. "अजून दोन महिने असंच चाललं तर माझ्याकडे आणू नकोस. घरीच मरू दे बिचारीला."

गोमा चिहोची. चिहो म्हणजे कुनिहिकोची मुलगी. ती जन्मली त्याच वर्षी हे पिल्लू घरात आलं. दोन वर्षांपूर्वी चिहो गेली. अकरा वर्षांची होती. तापाचं निमित्त झालं.

पोर गेली आणि फुसाएचं जेवण सुटलं. देव्हाऱ्यात पोरीच्या फोटोपुढे रोज सकाळी भाताची वाटी ठेवायची, दुपारी तशीच्या तशी उचलायची. दीडएक वर्ष असंच. मग यंदा मार्चमध्ये, चिहोच्या वाढदिवसाला, तिनं भातावर वाळल्या माशाचा कीस घातला. पोर त्याच्यावर जीव टाकायची. दुपारी बघते तर कीस गायब. भात तेवढा शिल्लक.

त्या दिवशी फुसाए दोन वाट्या भात जेवली.

तेव्हापासून हे रोजचंच. कामावर निघताना ती देव्हाऱ्याच्या खोलीचं सरकतं दार चार बोटं उघडं ठेवायची. पोरीला आत यायला. संध्याकाळी सांगायची, "अहो, आज सगळा कीस खाल्ला तिनं. भूक होती वाटतं." कुनिहिको नुसतं हं म्हणायचा. पोरीला पोचवून आल्यापासून त्यानं त्या खोलीत पाय ठेवला नव्हता. आधी त्याला वाटलं, बायको भ्रमिष्ट झाली. मग एका सकाळी दाढी करताना त्यानं स्वतः ऐकलं. त्या खोलीतून. टक्. वाटी लाकडावर टेकल्यासारखा आवाज. गालावरचा हात तसाच राहिला. कामावर पोचला तरी अंगावरचा काटा जाईना. आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटलं.

डॉक्टरला त्यानं या वाटीचं सांगितलं नाही. लपवलं असंही नाही, सुचलंच नाही. ते घरातलं खाणं थोडंच होतं? ते पोरीचं.

शिवाय देव्हारा छातीइतक्या उंच कपाटावर. गोमाला दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते.

डॉक्टरकडून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी माशांची बोट आली नाही, कारखाना बंद. फुसाए भाजीच्या शेडवर कामाला गेली. कुनिहिको चहा घेऊन बसला होता.

टक्.

या वेळी तो उठला. "चिहो?" असं म्हणालासुद्धा. मग दार सरकवलं.

वर गोमा होती. उशांच्या ढिगावरून अर्धवट उघड्या खणावर, खणावरून वर. फोटोकडे पाठ करून कीस चाटत होती, एकेक पापुद्रा. भाताला तोंडही लावत नव्हती. चाटून झालं तसा तिनं मागचा पाय उचलला आणि मान खाजवायला लागली, करकरा. पाय वाटीला लागला. टक्.

कुनिहिको तिथंच खाली बसला. पोर दुसऱ्यांदा गेली.

दुपारी फुसाए आली ती थेट त्या खोलीत. आतून तिचा आवाज आला, हसरा. "अहो, बघा तरी! किसाचा एक कण ठेवला नाही पोरीनं!" मग स्वयंपाकघरात येऊन तिनं स्वतःला भात वाढून घेतला.

कुनिहिको अंगणात गेला. सामेशिमाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

सामेशिमा म्हणाला, "फुसाएला सांग."

"सांगितलं तर ती परत जेवायची नाही."

"मग दार लावून घे. वाटीवर झाकण ठेव."

"कीस तसाच राहील. म्हणजे पोर यायची थांबली."

"अरे पण मांजर मरेल, कुनि. तीही चिहोचीच ना?"

"हो."

"मग करणार काय आहेस तू?"

आत फुसाए जेवता जेवता कुणाशी तरी बोलत होती.

"गोमाच्या तोंडात मासा जाणार नाही. शब्द देतो तुला," कुनिहिको म्हणाला. "फुसाए सातला निघते, मी साडेसातला. मधल्या वेळात रोज त्या खोलीत जाईन. गोमाच्या आधी. वरचा कीस खाईन, भात तसाच ठेवीन."