झाकलेली रेकॉर्डरूम

पालिकेच्या इमारतीचा नकाशा कुणीतरी रीतसर अर्ज करून मागितला होता. सुरक्षेच्या कारणावरून रेकॉर्डरूम दाखवायची नाही, असं साहेबांनी ठरवलं. कारकुनाने प्रतीवरची ती खोली मार्करने इमानेइतबारे काळी केली आणि शिपायाहाती नकाशा पाठवून दिला.

दुपारी कारकून बायकोला जेवायला बोलवायला गेला. ती रेकॉर्डरूममध्येच कामाला होती. दाराच्या जागी भिंत होती, तीही जुनी, पोपडे धरलेली.

"अहो, दार कुणी लावलं?" भिंतीतून बायकोचा आवाज आला. "इथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाहीये!"

तो धावतच साहेबांकडे गेला. साहेबांनी चहाचा कपही खाली ठेवला नाही.

"झाकलं ते झाकलं. अर्जदाराने अपील केलं तरच उघडता येईल. तीस दिवस आहेत, एवढा घाबरतोस काय?"

कारकुनाने अर्जदाराला फोन लावला. "हात जोडतो, अपील करा हो! आम्ही एक खोली झाकलीय."

"छे, माझी कसली तक्रार?" अर्जदार म्हणाला. "मला तीच खोली हवी होती. आत्ताच पोचली. बाईंना तेवढं गप्प बसायला सांगा."