बोटभर सरकणारी भिंत

“ही भिंत दर वर्षी बोटभर तळ्याकडे सरकते,” मिस्त्री चेहरा पाडून म्हणाले. “आम्ही आपले जीव मुठीत धरून झोपतो.”

घर बघायला आलेल्या बाईंनी भिंतीवर टकटक केलं, कान लावला आणि नुसतं “हं” म्हटलं.

तळ्यातल्या लाँचची इंजिनं दुरुस्त करण्यात मिस्त्रींची हयात गेली, पण त्यांचा खरा गुण उतारवयात प्रकट झाला. ते थापा उत्तम मारत. पोरगी रांगत होती तेव्हापासून मिस्त्री आणि त्यांची बायको या घरात भाड्यानं राहत होते. मालक दूर, मोठ्या शहरात. गळकं छप्पर मिस्त्रींनी बदललं, पाण्यात उतरायच्या पायऱ्या मिस्त्रींनी बांधल्या, मालकांनी इमानेइतबारे फक्त भाडं घेतलं. आता त्यांनी घर विकायला काढलं होतं, आणि वर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचं काम मिस्त्रींवरच टाकलं होतं. आपल्या हातानं आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घ्यायची, एवढीच काय ती अपेक्षा.

हे घर गेलं तर तळ्याकाठी दुसरं मिळणं कठीण होतं. सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी गल्लोगल्ली खोल्या निघाल्या होत्या, आणि त्यांची भाडी ऐकूनच डोळे पांढरे व्हायचे.

गिऱ्हाईक पळवून लावायची युक्ती बायकोची. ती होड्यांवर घालायच्या ताडपत्र्या शिवायची आणि शिवता शिवता डोकं चालवायची. एका गिऱ्हाइकाला मिस्त्रींनी सांगितलं, बदकं रात्रभर डोळ्याला डोळा लागू देत नाहीत. दुसऱ्याला सांगितलं, हिवाळ्यात धुकं घरात शिरतं आणि कपाट सापडत नाही. दोघंही चहा अर्धा टाकून पळाले. नंतर आलेल्यांचीही तीच गत. गिऱ्हाईक पळालं की मालक हताश होऊन भाव उतरवायचे.

“अगं, असा भाव उतरत गेला तर कुणीतरी घेईलच की,” मिस्त्री काळजीनं म्हणायचे.

“उतरू दे,” एवढंच ती म्हणायची.

आज सकाळी ताडपत्रीचं गाठोडं उचलून धक्क्याकडे निघताना मात्र तिनं वेगळंच बजावलं. “अहो, एक बाई येतील. त्यांना चहा द्या, घर बघू द्या आणि तुम्ही गप्प बसा. अवाक्षर काढू नका.”

मिस्त्रींना वाटलं, थकली बिचारी. हात टेकले तिनं. आता सगळा भार आपल्या एकट्यावर.

म्हणून बाई दारात “मी इथे घर...” एवढं म्हणतात न म्हणतात तोच “या, या, बघा की!” म्हणत मिस्त्रींनी त्यांना थेट भिंतीपाशी आणलं होतं.

पण या बाई वेगळ्याच मुशीतल्या निघाल्या. पाया खचतोय म्हटल्यावर त्या विजेरी घेऊन खाली उतरल्या आणि बुटांना चिखल लावून परत आल्या. वरच्या मजल्याची जमीन कधी कोसळेल नेम नाही म्हटल्यावर त्यांनी वर जाऊन तिथे दोनदा उडी मारली. बदकांबद्दल तर त्यांनी पुढे ऐकूनच घेतलं नाही.

मागच्या खोलीत मात्र त्या थबकल्या. तिथली भिंत कमरेपर्यंत ओली होती. बाईंनी हात लावला, वास घेतला आणि पहिल्यांदाच मान हलवली.

“ही कायमची आहे?”

“जन्माची,” मिस्त्री म्हणाले. आतून त्यांना उकळ्या फुटत होत्या.

शेवटी दोघं गच्चीत आले. खाली रस्त्यावर टोप्या घातलेले पाहुणे एकमेकांचे फोटो काढत होते. पलीकडच्या काठावरून लाँच येत होती.

“इतकं वाईट घर,” बाई म्हणाल्या, “मग तुम्ही इतकी वर्षं राहिलात कसे?”

मिस्त्रींनी तोंड उघडलं. थाप तयार होती. पण लाँच वळण घेत जवळ आली, त्यांनीच जुळवलेल्या इंजिनाचा तो भरदार आवाज कानावर पडला, आणि थाप ओठांवरून माघारी गेली.

“कारण यापेक्षा चांगलं घर मी पाहिलेलं नाही,” ते म्हणाले. “सकाळी ऊन पाण्यावरून उसळून आमच्या आढ्यावर नाचतं. ते बघत आम्ही दोघं म्हातारे अंथरुणात लोळत पडतो, आणि रोज एकमेकांना सांगतो, आज जरा उशिरा उठू. पोरगी इथल्या पायऱ्यांवर पोहायला शिकली. अजून माहेरी आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी पाण्यात पाय सोडते. भिंत कसली सरकतेय, डोंबल! आणि ती ओल मी सकाळी बादलीभर पाणी मारून केलीय. उद्यापर्यंत वाळेल. बाई, हे घर नातवंडांच्या नातवंडांना पुरेल.”

बोलून झाल्यावर त्यांना भान आलं. झालं! मुसळ केरात. पण गंमत म्हणजे त्यांना वाईट वाटायच्या ऐवजी एकदम हलकं वाटलं. या घराची अशी तोंड भरून स्तुती त्यांनी कित्येक महिन्यांत केली नव्हती.

तेवढ्यात बायको धापा टाकत जिना चढून आली. तिनं आधी बाईंकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“बोललात ना?”

“बोललो,” मिस्त्री खाली मान घालून म्हणाले. “सगळं खरं सांगून बसलो. घर गेलं गं.”

बाईंनी विजेरी पिशवीत टाकली आणि हसत बायकोचा हात हातात घेतला.

“ताई, ती ओल बघून मी आमच्या बँकेला नकारच कळवणार होते. आता कळवते, हे घर विकत घ्यायला तुम्हाला खुशाल कर्ज द्या.”