सोबतीची वही

“सांगायचं नाही,” सातवीतली वेळापत्रक चौथ्यांदा म्हणाली, तेव्हा मुख्याध्यापकबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

त्यांचा प्रश्न साधा होता. आगीच्या घंटेचं बटण कोणी दाबलं?

शेजारच्या खुर्चीत मॉनिटर बसली होती. नववीतली, पहिल्या नंबरची, सगळ्या शिक्षकांची लाडकी. ऑटिझम असलेल्या मुलांना शाळेने वरच्या वर्गातला एकेक सोबती दिला होता आणि सातवीतल्या या मुलीची सोबती मॉनिटर होती. साऱ्या वर्गांचे तास पोरीला तोंडपाठ, म्हणून तिचं नाव वेळापत्रक पडलं होतं. नाव तिला आवडायचं. तिला कुणी काही विचारणार असेल, तर सोबतीने शेजारी बसायचं असा नियम होता. मॉनिटर नियमाप्रमाणे बसली होती आणि बाईंची नजर चुकवत होती.

कारण बटण तिनेच दाबलं होतं.

सकाळी गणिताची चाचणी होती आणि शेवटच्या धड्याला तिने हातही लावला नव्हता. पहिला नंबर जाणार या धास्तीने तिचं डोकंच चालेना. वेळापत्रकला वर्गात सोडायला निघाली, वाटेत भिंतीवर ते लाल बटण दिसलं आणि हात गेला. घंटा ठणाणा वाजू लागली. वेळापत्रक कान दाबून तिथेच खाली बसली. मॉनिटरने तिच्यासमोर वाकून ओठांवर बोट ठेवलं. कुणाला सांगायचं नाही, शब्द दे. तिने दिला. वेळापत्रकचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग मॉनिटरसकट सगळी शाळा जिन्याने खाली धावली आणि त्या रेटारेटीत पहिलीतल्या एका मुलीचं मनगट मोडलं. शिपाईमामांना बटणाखाली एकटी वेळापत्रक सापडली.

खुर्ची सरकवल्याचा आवाजसुद्धा जिला सोसत नाही, ती घंटा कशाला वाजवेल? एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात कशी येत नाही, याचं मॉनिटरला नवल वाटत होतं. बरंही वाटत होतं. त्या बरं वाटण्याचीच तिला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे मंगळवारपासून, वेळापत्रक वर्गात आली नाही. ती समुपदेशकबाईंच्या खोलीत बसायची, दार लावून. पोरींनी लगेच ठरवून टाकलं की तिला शाळेतून काढणार. शुक्रवारी दोन वाजता बैठक आहे म्हणे.

मधल्या सुट्टीत मॉनिटर समुपदेशकबाईंच्या दारापाशी घुटमळली.

“बाई, पुढे काय होणार?”

“वाट बघतोय,” बाई म्हणाल्या. “स्वतःहून बोलली, तर फार बरं होईल.”

“आणि नाही बोलली तर?”

“शुक्रवारपर्यंत थांबू.”

दाराच्या फटीतून वेळापत्रक दिसली. मान खाली घालून पट्टीने रेघा आखत होती.

रेघांचं वेड तिला मॉनिटरच्या वहीमुळे लागलं होतं. सोबतीने दर आठवड्याला एका वहीत नोंद करायची असे. विद्यार्थिनी, उद्दिष्ट, प्रगती, शेरा. मॉनिटर ती घाईघाईत उरकायची. शेरा तर ठरलेलाच: वेळ लागेल, घाई करू नये. बाईंना तो फार पसंत पडायचा आणि तेवढ्यात ओळही भरायची. ते रकाने बघून वेळापत्रक अशाच वहीसाठी हटून बसली, तेव्हा मॉनिटरने एक कोरी वही तिच्या हातात कोंबली होती. तेवढीच दहा मिनिटं जिवाला शांतता. आता हे आठवून तिचं मन तिला खात होतं. वर्षभरात आपण तिला नक्की काय शिकवलं? गप्प बसायला.

गुरुवारी जेवताना आई म्हणाली, “त्या तुझ्या मुलीवर फारच बालंट आलंय गं. उद्याच्या बैठकीला मलाही बोलावलंय. सोबतीची आई म्हणून असेल.”

मॉनिटरने हातातला घास ताटात ठेवला. पोट दुखतंय म्हणून ती ताटावरून उठली. आईने गरम पाण्याची पिशवी आणून दिली, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, किती जीव लावतेस गं परक्या पोरीला. मॉनिटरने उशीत तोंड खुपसलं.

शुक्रवारी पावणेदोनला तिने समुपदेशकबाईंचं दार ढकललं. वेळापत्रक खिडकीपाशी बसली होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मॉनिटरकडे नाही.

“तिला काढू नका,” मॉनिटर म्हणाली. “बटण मी दाबलं. पेपर टाळायला. ते मनगट माझ्यामुळे मोडलं आणि गप्प बसायलाही तिला मीच सांगितलं.”

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. रागावल्या नाहीत.

“तिला कोण काढतंय? घंटेने घाबरली, म्हणून ती इथे बसते,” त्या म्हणाल्या. “आणि हे मला मंगळवारीच कळलंय.”

“पण तिने तर शब्द दिला होता. कुणाला सांगणार नाही म्हणून.”

“सांगितलं नाहीच तिने.”

बाईंनी खणातून एक वही काढून तिच्यापुढे ठेवली. मॉनिटरनेच दिलेली ती कोरी वही. रकाने पट्टीने आखलेले, अक्षर सुबक, तारीख मंगळवारची.

विद्यार्थिनी: मॉनिटर. सोबती: मी.

उद्दिष्ट: स्वतःहून खरं सांगणे.

प्रगती: अकरा वाजून सात मिनिटांनी बटण दाबलं. अजून सांगितलं नाही.

शेरा: वेळ लागेल. घाई करू नये.