साडेचार फुटांवरची कडी

लिफ्ट चालू होती, तरी ताई पाचही मजले जिन्याने चढून आली. दारात उभी राहून तिने आधी श्वास गोळा केला, मग चपला काढल्या. डॉक्टरांनी चढायला सांगितलंय, हे ती गेली वीस वर्षं सांगत होती. कुठले डॉक्टर, हे कोणी विचारलं नव्हतं.

मिस्त्रीने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, तिला पाणी दिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. बाबांना हॉस्पिटलमधून उद्या सकाळी सोडणार होते. इथे आणायचं की वृद्धाश्रमात ठेवायचं, हे आज ठरायला हवं होतं. मिस्त्रीचं तसं ठरलेलंच होतं. त्याला फक्त एक साक्षीदार कमी पडत होता.

"वन्सं, आधी चहा घ्या," बायको म्हणाली. "भांडण काय, नंतरही गरम करता येईल."

ताई हसली आणि नेहमीप्रमाणे उघड्या दाराशेजारची खुर्ची पकडून बसली.

मिस्त्री दारं बनवायचा. त्याचं दार दहा पावसाळे फुगत नाही, अशी त्याची ख्याती होती. कड्या बसवायचं काम मात्र तो भागीदाराच्या गळ्यात घाली. हात कडीपर्यंत जाई. सरकवायची वेळ आली की बोटं गार पडत. त्यामुळे त्याच्या घरात बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं असे, आणि आत कोणी आहे हे कळावं म्हणून आतल्याने गाणं म्हणायचं, असा नियम होता. बायकोला दीडच गाणं येत होतं. पाहुण्यांचीही सुटका नव्हती.

"लिफ्टमध्ये हे खुशाल शीळ घालत जातात," बायको चारचौघांत सांगे, "आणि घरातली एवढीशी कडी लावायची म्हटली की घाम फुटतो. भीतीला काही धरबंद?"

गेलं वर्षभर तो दर बुधवारी एका समुपदेशक बाईंकडे जात होता. बरंच सुधारलंही होतं. झोप लागत होती. कामावर हातोडी फेकणं थांबलं होतं. दुखण्याचं मूळ तर पहिल्याच बुधवारी सापडलं: लहानपणी बाबा शिक्षा म्हणून अडगळीच्या खोलीत कोंडायचे. कडीचा खट्ट आवाज, रडणं, दारावर पडणाऱ्या थापा, सगळं त्याला लख्ख आठवत होतं.

बाईंच्या साध्या प्रश्नांनी मात्र तो गोंधळून जाई. बाबा कुठे उभे असायचे? मागे, तो म्हणाला. बाई लिहिता लिहिता थांबल्या. मागे? त्याने पुन्हा आठवून पाहिलं. मागेच. त्यांचा श्वास मानेला लागायचा. खोलीत काय काय होतं? अंधारात काय दिसणार, तो चिडून म्हणाला, आणि घरी येईपर्यंत विचार करत राहिला की खोलीतलं एक खोकंसुद्धा आपल्याला कसं आठवत नाही.

मग बाईंनी आठवतं तेवढं कागदावर काढून आणायला सांगितलं. त्याने ते कारागिराच्या इमानाने काढलं, मापांसकट. हिरवं दार. मधली फळी तडकलेली. जमिनीपासून साडेचार फुटांवर लोखंडी कडी, चार स्क्रू, त्यातला एक वाकडा, दांड्याच्या टोकाचा रंग उडालेला. दाराशी एक स्टूल आलं. ते का आलं, त्याचं त्यालाच कळेना. खोडायला निघाला तर बाई म्हणाल्या, राहू द्या.

बाबांना आता निम्म्या माणसांची नावं आठवत नव्हती. पण परवा मिस्त्रीने पलंगाशी बसून विचारलं, तेव्हा ते चाचरले नाहीत. "तुला मी कधीच कोंडलं नाही," म्हणाले, आणि कुशीवर वळले. इतकी वर्षं झाली तरी माणूस कबूल करत नाही, याचंच मिस्त्रीला जास्त लागलं.

चहा झाला. मिस्त्रीने सगळं ताईपुढे मांडलं. तिने उद्या बाबांसमोर एकदाच सांगायचं, हो, असं घडत होतं. मग त्यांना कुठे ठेवायचं ते तो बघेल, तिच्यावर काही येणार नाही.

ताई कपाच्या कानाशी बोट फिरवत राहिली.

"तुला आठवत नसेल, असंच मी धरून चालले होते," ती म्हणाली. "सहा वर्षांचा तर होतास. म्हटलं, विसरला असेल तर बरंच आहे. कशाला उकरायचं."

"सगळं आठवतं."

"आणि तरी माझ्याशी इतका सहज वागत आलास."

हे त्याला समजलं नाही. पण आज थांबायचं नाही, असं त्याने बाईंना कबूल केलं होतं. जो प्रश्न त्याने तीस वर्षं ताईला विचारला नव्हता, तो विचारायचाच होता. तिच्यावरचा राग काय तो तेवढ्याच एका गोष्टीचा होता. त्याने घडी घातलेला कागद काढला, टीपॉयवर पसरला आणि त्याच्याकडेच बघत बोलला.

"तू दहा वर्षांची होतीस. दारावर इतक्या थापा पडायच्या, अख्ख्या घराला ऐकू जायच्या. ताई, तू तेव्हा कुठे असायचीस? एकदाही येऊन उघडावंसं वाटलं नाही तुला?"

बायको आत जायला उठली होती, ती तिथेच थांबली.

ताईने चष्मा लावला. कागद जवळ ओढला. तिचं बोट आधी स्टुलावर टेकलं, तिथून सावकाश वर सरकत कडीपाशी आलं, आणि चारही स्क्रूंवरून एकेक करून फिरलं.

"अशी होती होय ती," ती म्हणाली. "मला आतून नुसता आवाजच माहीत होता."