एक माणूस कमी

दत्तोबांनी खिडकीतून पानाची पिंक टाकली, मनगटाने तोंड पुसलं आणि त्याच हाताने व्हाउचरांचा गठ्ठा रंगनाथ केळकरांपुढे सरकवला.

रंगनाथांनी तो फूटपट्टीने ओढून घेतला.

"हात धुवायला नळ आहे ना अजून? की तोही कॉम्प्युटरवर गेला?"

दत्तोबा हसले. लाल दात दिसले.

हडपसरच्या त्या कारखान्याच्या हिशेब खात्यात दोघं वर्षानुवर्षं समोरासमोर बसत आले होते. दत्तोबा जवळच्याच मांजरी गावचे. टेबलावरच नखं कापायचे, जेवल्यावर बोटं चाटायचे, दुपारी पाय खुर्चीवर घेऊन पेंगायचे, घोरायचेसुद्धा. रंगनाथांना रात्री ताटावर बसलं की ती बोटं आठवत आणि हातातला घास खाली ठेवावा लागे.

हल्ली त्याच खात्यातल्या मंदाकिनीबाईंनी आपलं टेबल पार कोपऱ्यात नेलं होतं. खात्यातला चौथा, योगेश, डबा घेऊन कँटीनला जाऊ लागला होता. या घाणीत माणूस बसणार तरी कसा, असं रंगनाथ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खात्याला थोडंफार वळण होतं ते त्यांच्यामुळे. योगेशच्या पत्रातल्या चुका ते लाल शाईने अधोरेखित करत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवत. मंदाकिनीबाईंना उशीर झाला की नुसतं घड्याळाकडे बघत. बोलायची गरजच पडत नसे.

कॉम्प्युटर आले आणि चौघांतला एक जण कमी करायचं ठरलं. स्वेच्छानिवृत्ती, असं त्याला नाव होतं. नव्या मॅनेजर ऋतिका मॅडमनी एकेकाला केबिनमध्ये बोलावलं.

"कोण नसेल तर या खात्याचं अडणार नाही?" त्यांनी रंगनाथांना विचारलं.

"दत्तोबा."

"काम करत नाहीत?"

"करतात की. पण शेजारी बसून दुसऱ्यालाही करता आलं पाहिजे ना. आपण एकदा त्यांना जेवताना बघा. मग मला काही सांगावं लागणार नाही."

"इतकी किळस वाटते?"

"मॅडम, मी सरळ बोलतो. बाकीचे भिडेखातर बोलत नाहीत, एवढाच फरक."

ऋतिका मॅडमनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. दत्तोबांना पाठवा."

दत्तोबा शेवटचे आत गेले. बराच वेळ आतच होते. बाहेर आले ते डोळे पुसत. रंगनाथांनी मान फिरवली. रडून नोकरी मागणारा माणूस त्यांना पान खाणाऱ्या माणसापेक्षाही ओंगळ वाटला.

दत्तोबा टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"च्या घेताय का, रंगनाथराव? आणतो."

"आपल्या हातचा? नको."

दत्तोबा खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतिका मॅडमनी रंगनाथांना बोलावून घेतलं.

"दत्तोबा जातायत," त्या म्हणाल्या.

रंगनाथांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "वाईट वाटतं. पण सगळ्यांचं तेच मत पडलं असणार."

"नाही. बाकीच्या दोघांनी तुमचं नाव घेतलं."

"माझं?"

"हो. ऐकून घ्या, कारण उद्यापासून याच लोकांत तुम्हाला बसायचंय. तुमच्यासमोर श्वास घ्यायलाही नको वाटतं, असं म्हणाले. मी तुमचंच नाव वर कळवणार होते. दत्तोबांना तसं सांगितलंही."

रंगनाथांच्या हातातला रुमाल तसाच राहिला.

"मग?"

"त्यांचेच शब्द सांगते. म्हणाले, 'मला शेती हाय, पोरं हायेत, नातवंडं हायेत. रंगनाथरावांना ह्या टेबलाबिगर कुनी न्हाई. घरी बसवलं तर मरून जातील ते, बाई. माझं नाव घाला.'"