दुप्पट भाव

बाबांचं बटणांचं दुकान बंद पडलं, तरी त्याचं इंटरनेटवरचं नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, शिल्लक होता. त्याला आज गिऱ्हाईक लागलं. लाखांच्या किमतीला एका दमात कबूल, कार्डाने पैसे भरून मोकळं. “माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंच समज! देऊन टाक नाव,” बाबा लेकीला म्हणाले. लेकीच्या मांडीवर तिची छकुली बटणांचा डबा खुळखुळवत होती. लेक म्हणाली, “दोन बटणांसाठी लोक तुमच्याशी हुज्जत घालायचे, बाबा. हा पठ्ठ्या घासाघीसच करत नाही. कार्ड चोरीचं निघालं, तर बँक पैसे काढून घेईल, नावही जाईल.” तिने गिऱ्हाइकाला लिहिलं, ‘माफ करा, चुकून निम्मीच किंमत सांगितली.’ उत्तर लगेच आलं, ‘चालेल. उरलेले दुसऱ्या कार्डाने भरतो.’ तिने मोठ्याने वाचून दाखवलं. गुडघा चोळणारा बाबांचा हात थांबला. “पैसे परत पाठव. ज्याचं कार्ड आहे, त्या बिचाऱ्याला अजून पत्ताही नसेल.”