आवाज साफ आला

सुनंदा मुंबई रेडिओवर पहिल्यांदाच गाणार होती, म्हणून धरणगावात तिच्या भावाच्या, गिरधरच्या ओट्यावर सगळी गल्ली जमली होती. पण बॅटरीवरच्या त्या रेडिओतून नुसती खरखर येत होती. एरियलचा बांबू वाऱ्याने मोडला होता. शेवटी गिरधर घराच्या धाब्यावर, मातीच्या छतावर, चढला आणि तार हातानेच उंच धरून उभा राहिला. खाली त्याच्या बायकोने, ताईबाईने, अर्थिंगच्या तारेपाशी कळशीभर पाणी ओतलं.

"आते ऐकू येस का?" तो वरून ओरडला.

"येस! बठ्ठं साफ ऐकू येस!" ताईबाईने खालून सांगितलं.

सुनंदा अंगाई गात होती. पाळण्यातच गेलेल्या आपल्या लेकीसाठी ताईबाईने ती रचली होती. याच घरात नणंदेने ती ऐकली होती. ताईबाईचे डोळे भरून आले. "मनी पोरनं गाणं शे," ती शेजारणींना सांगत राहिली.

गाणं संपलं. निवेदकाने विचारलं, "इतकी आर्त अंगाई तुम्हाला सुचली कशी?"

"माझी तान्ही मुलगी गेली, तेव्हा," सुनंदा म्हणाली.

सुनंदाला मूल झालंच नव्हतं. ओट्यावर कोणी कोणाकडे बघेना. ताईबाईने हात पुढे करून रेडिओ बंद केला.

"काय बोलनी सुनंदा?" वरून गिरधरने हौसेने विचारलं. तार अजून त्याच्या हातातच होती.


"माले काहीच ऐकू नई उनं," ताईबाई म्हणाली.